.३०० विन मॅगवर मझल ब्रेक, एक अख्खा सीझन वापरून झाल्यावर

कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी माझ्याकडे टिक्का टी३एक्स लाइट रायफल आहे, .३०० विन मॅग या जोरदार कार्ट्रिजची (काडतुसाची). स्कोप धरून साधारण आठ पौंड. डोंगर चढताना हलकी रायफल म्हणजे सुख, पण तीच बेंचवर झिरो करायला (स्कोप आणि नेम जुळवायला) घेतली की पाच-सहा राउंडनंतर खांदा ठणकायला लागतो आणि मग ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात गनस्मिथकडून नळीला ५/८-२४ मापाचे आटे पाडून घेतले आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खाचा असलेला स्टीलचा मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा नळीच्या टोकाचा तुकडा, बसवला. रेंजवर आणि पॉनी ग्रासलँडच्या माळावर, दोन्हीकडे वापरून झालाय. इथले आपले दोघे-तिघे सारखं विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी धक्क्याचं. गोळी पुढे जाते म्हणून रायफल मागे येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण गोळीच्या मागून जळलेल्या पावडरचा गॅसही गोळीपेक्षा जास्त वेगाने बाहेर पडतो आणि त्याचाही धक्का बसतो. विन मॅगमध्ये १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी आणि ७० ग्रेनच्या वर पावडर, म्हणजे एकूण धक्क्यातला तिसरा हिस्सा तरी निव्वळ गॅसचा. ब्रेक हा गॅस बाजूला आणि थोडा मागे वळवतो, बस्स, गोळीच्या वाट्याचा धक्का त्याला कमी करता येत नाही. म्हणूनच जिथे पावडर भरपूर तिथे ब्रेकचा फरक मोठा, जुन्या, कमी पावडरच्या .३०-३० वर लावला तर पैसे वसूल होणार नाहीत. के९ वज्र आणि एम७७७ या तोफा २०१८ मध्ये देवळालीला लष्करात दाखल झाल्या, त्यांच्या नळीच्या टोकाला जो जाड खाचांचा भाग दिसतो ना, तो हाच प्रकार.

आठ पौंडांच्या विन मॅगचा धक्का हिशोबाने ३० फूट-पौंडांच्या आसपास येतो, तेवढ्याच वजनाच्या, पण मध्यम कार्ट्रिजच्या .३०८ रायफलचा १७ च्या आसपास. ब्रेक लावल्यावर माझी रायफल खांद्याला अगदी .३०८ सारखी लागते, हे मी मित्राची .३०८ आलटून-पालटून चालवून बघितलंय. पण मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. नळी आता वर उडत नाही, स्कोप टार्गेटवरच राहतो, ३०० यार्डावरच्या स्टील प्लेटवर गोळी कुठे लागली ते माझं मलाच दिसतं, शेजारी दुर्बीण लावून कोणी बसायला नको. पीआरएस (लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या) मॅचवाले हलक्या कार्ट्रिजवरसुद्धा ब्रेक का लावतात ते तेव्हा कळलं. शिकारीत तर हे लाखमोलाचं आहे, जनावराला गोळी कुठे लागली हे पहिल्या क्षणी दिसलं पाहिजे.

आता आवाज, आणि इथे मी कोणाचं ऐकून घेणार नाही. "थोडा जास्त आवाज येतो" असं जे दुकानात सांगतात ते साफ चूक आहे. बिनब्रेकची मोठी रायफलच १६० डेसिबलच्या वर जाते, आणि अशा क्षणिक आवाजासाठी अमेरिकेत धरलेली मर्यादा १४० आहे. ब्रेकमुळे चालवणाऱ्याच्या कानाशी त्यात आणखी ५ ते १० डेसिबल पडतात. आकडा छोटा वाटतो पण दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. ब्रेक नवीन आवाज तयार करत नाही, पुढे जाणारा स्फोट तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे वळवतो. खाचा जितक्या मागे झुकलेल्या तितका धक्का कमी आणि कानाला त्रास जास्त, त्यामुळे "सर्वात कमी रिकॉइल" (धक्का) अशी जाहिरात दिसली की खाचांचा कोन बघा.

मी कानात फोमचे प्लग आणि वर मफ (कान झाकणारे कप), दोन्ही घालतो. प्लगवर मफ चढवल्याने साधारण ५ डेसिबलचाच फायदा होतो, प्लगचे ३० आणि मफचे २५ मिळून ५५ असं होत नाही, पण तेवढाही सोडू नका. पत्र्याच्या छपराखाली तर हवेचा दणका छातीवर आणि दातांत जाणवतो. एकदा शेजारच्या बेंचवर वडील आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला .२२ ची छोटी रायफल शिकवत होते, माझ्या पहिल्या राउंडला त्यांच्या टेबलावरचे कागद उडाले आणि मुलगी दचकून मागे सरकली. मी लगेच थांबलो, रेंजवाल्याला सांगून अगदी कडेच्या बेंचवर गेलो. खांदा माझा वाचतोय आणि किंमत ती पोर मोजतेय, हे मला पटत नाही. काही रेंजवर ब्रेक चालतच नाही, जायच्या आधी फोन करा.

माळावर पालथं झोपून मारताना धुळीचा लोट उठतो. माझ्या ब्रेकला खालून भोकं नाहीत तरी कोरड्या जमिनीवर उठतोच, चहूबाजूंनी भोकं असलेल्या गोल ब्रेकवाल्या मित्राला तर दुसऱ्या राउंडपर्यंत काही दिसत नाही. नळीखाली ओली ताडपत्री अंथरली की बरंच भागतं. मध्येच एकदा ग्रुप (टार्गेटवरचे गोळ्यांचे पुंजके) अचानक फाकायला लागले, बघतो तर ब्रेक आट्यांवर किंचित सैल झालेला. रॉकसेट (आटे पक्के धरणारा चिकट पदार्थ) लावून घट्ट केल्यापासून हलला नाही, काढायचा झाला तर पाण्यात भिजवून निघतो.

डोंगरात मात्र मी ब्रेक काढून जातो. तिथे कोणी प्लग घालून चालत नाही, काटकी मोडल्याचासुद्धा आवाज ऐकायचा असतो, आणि एल्क समोर आला की मफ शोधायला वेळ नसतो. उघड्या कानांनी असा एक राउंड कायमची कानातली शिट्टी देऊ शकतो, बाजूला उभ्या सोबत्यालाही. एक-दोन राउंडचा धक्का शिकारीच्या भरात कळतही नाही. फक्त ब्रेक काढला की नळीच्या टोकाचं वजन बदलतं, माझी गोळी १०० यार्डावर दीड इंच सरकली, तेव्हा झिरो पुन्हा केल्याशिवाय निघू नका.

.३०८ किंवा ६.५ क्रीडमूर असेल तर ब्रेक घेऊ नका, चांगलं रबरी रिकॉइल पॅड आणि थोडं वजन पुरतं. आणि व्हिसाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: एच१बी, एफ१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

मी स्वतः आता सप्रेसरकडे, म्हणजे नळीच्या टोकाला लावायच्या आवाज दाबणाऱ्या नळकांड्याकडे वळतोय. धक्का तोही कमी करतो, ब्रेकइतका नाही, पण आवाज वाढवण्याऐवजी २० ते ३० डेसिबल उतरवतो. त्याच्यावरचा १९३४ पासूनचा २०० डॉलरचा फेडरल टॅक्स १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, नोंदणी आणि फॉर्म मात्र अजून आहेतच, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यूजर्सीसारख्या राज्यांत सामान्य माणसाला तो ठेवताच येत नाही. कोलोरॅडोत चालतो. आटे तेच ५/८-२४ वापरता येतील, त्यामुळे नळीचं काम पुन्हा करावं लागणार नाही.