समाधान पोर्टल: थकलेल्या बिलाला आधार, रद्द झालेल्या ऑर्डरला नाही

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या छोट्या युनिटवाल्यांना जो तो एकच सल्ला देतो: लघुउद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून टाका, मग कंपनीवाले तुमचं काही वाकडं करू शकणार नाहीत. मी नोंदणी केली, थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्जही केला. थकलेल्या बिलासाठी ही सेवा उत्तम आहे. पण ऑर्डरच रद्द झाली तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि आम्ही बुडतो ते नेमके तिथेच. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पुण्यातल्या एका कंपनीची १,८०० शर्टांची पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) होती, माल तीन लॉटमध्ये द्यायचा होता. पहिला लॉट पोहोचला, दुसरा इस्त्री होऊन खोक्यांत भरला गेला, तिसऱ्याचं कटिंग उरकलं, आणि मेल आला की ऑर्डर सध्या होल्डवर ठेवा. मग फोन उचलणं बंद. नंतर कुणाकडून तरी कळलं की त्यांचा लोगोच बदलतोय.

शाळेच्या गणवेशाचा माल उरला तर पुढच्या जूनमध्ये निघतो. कंपनीच्या मालाचं तसं नाही. त्यांचा रंग लॅब डिप (रंगाचा छोटा नमुना) मंजूर करून खास रंगवून घ्यावा लागतो, आणि ठरावीक मीटरच्या खाली कापड रंगवणारं प्रोसेस हाउस तो रंग हातात घेत नाही. वर खिशावर एम्ब्रॉयडरी. आम्ही एका शर्टावरची उसवून पाहिली. धागा निघाला, पण सुईच्या भोकांतून लोगोचा आकार तसाच दिसत राहिला आणि आतून लावलेला कागद टाक्यांखालून पुरता निघेना. असा शर्ट दुसरं कोण घेणार? शिलाईच्या बायकांचे पीसरेटचे पैसे मात्र शनिवारी द्यावेच लागतात. त्यांनी काम केलेलं असतं.

आता पोर्टलबद्दल. केंद्र सरकारने ते ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू केलं. उद्यम क्रमांक, मोबाइलवर ओटीपी, पीओ आणि बिलाची प्रत एवढ्यावर माझा अर्ज भरून झाला. त्यामागे २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा आहे आणि तो खरोखर दमदार आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. माल मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. मला सर्वांत मोलाची वाटते ती कलम १८ मधली सोय: खरेदीदार गुरुग्रामचा असो की बेंगळुरूचा, प्रकरण आपल्या भागातल्या, अशा वादांसाठी नेमलेल्या सरकारी परिषदेपुढे चालतं. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

पहिल्या लॉटच्या बिलासाठी मी अर्ज केला आणि त्याची प्रत कंपनीच्या अकाउंट्स विभागाला मेल केली. खरेदी विभाग ढिम्म होता, अकाउंट्सवाले मात्र लगेच हलले. त्याला कारण आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. तेव्हापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च करातून वजा करता येत नाही. सुनावणीची वेळ येण्याआधीच बिल चुकतं झालं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लॉटचं काय? काहीच नाही. कायद्याची भाषा 'पुरवलेल्या' मालाची आहे. खोक्यात भरून आमच्याच गोदामात पडलेला माल पुरवलेला ठरत नाही. बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ट्रेड्सच्या (TReDS) ऑनलाइन व्यासपीठांचंही तेच. तिथेसुद्धा खरेदीदाराने बिल आधी मान्य करावं लागतं. रद्द ऑर्डरची भरपाई मागायची ती १८७२ च्या करार कायद्याखाली आणि १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ५६ खाली. म्हणजे दिवाणी दावा, वकील, तारखा.

त्यामुळे खरं संरक्षण पीओ स्वीकारतानाच घ्यावं लागतं. आता मी कापड रंगायला टाकण्याआधी निम्मी रक्कम घेते, आणि ती परत न मिळण्याची अट लेखी असते. ऑर्डर रद्द केल्यास द्यायची भरपाई टप्प्यांनी ठरवते: कापड रंगल्यावर रद्द केली तर कापड आणि रंगाईचा सगळा खर्च, कटिंगनंतर त्यात मजुरी, एम्ब्रॉयडरी झाल्यावर पूर्ण किंमत. पंधरा दिवसांहून जास्त होल्ड म्हणजे ऑर्डर रद्द, हेही लिहून घेते. आकडे मात्र प्रामाणिक हवेत. करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट वाजवी भरपाईच देतं. दहशत बसावी म्हणून दुप्पट-तिप्पट लिहिलेला दंड टिकत नाही. त्यासाठी प्रोसेस हाउसचं चलन, कापडाचं बिल, मजुरीची वही असं सगळं त्या पीओच्या फाइलला लावून ठेवायचं. खरेदी अधिकारी 'आमच्याकडे ॲडव्हान्सची पॉलिसी नाही' म्हणतात. अशा वेळी मी लॉट लहान करते आणि आधीच्या लॉटचे पैसे आल्याशिवाय पुढचं कटिंग लावत नाही. एखादी ऑर्डर जाते. जाऊ द्यावी.

नोंदणी मोफत आहे, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते. एजंटला पैसे देऊ नका. आणि ती माल देण्याआधी करा. नंतर केलेल्या नोंदणीचा फायदा आधीच्या मालाला मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय. नुसता व्यापार करणाऱ्यांची नोंदणी होते, पण उशिरा पैशांचं हे संरक्षण त्यांना लागू नाही. मध्यम उद्योगांनाही नाही.

माझ्याकडून समाधानला पाचपैकी साडेतीन. उरलेले दीड गुण राखून ठेवलेत ते एका दुरुस्तीसाठी: खास एकाच ग्राहकाच्या लोगोने, त्याच्याच मंजूर नमुन्यावर बनवलेला माल तयार झाल्यावर नाकारला, तर तो पुरवलेलाच धरावा आणि त्याचा दावा याच परिषदेपुढे चालावा.