गुरूचे छायाचित्र : एक क्लिक की दोन मिनिटांचा व्हिडिओ?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गच्चीवरून सहा इंची दुर्बिणीने गुरूची छायाचित्रे मी दोन्ही पद्धतींनी घेतली आहेत. एकच छायाचित्र घेणे सोपे असते आणि गुरूचे चार मोठे चंद्र दाखवण्यापुरते ते पुरतेही. मात्र हवेच्या थरथरीमुळे बिंबावरचे पट्टे त्यात बहुधा फासल्यासारखे येतात आणि पुढे कितीही धार वाढवली, तरी तपशिलाऐवजी रवा, म्हणजे चित्रातले दाणेदार ठिपकेच उठून दिसतात. दुसऱ्या पद्धतीत व्हिडिओतल्या हजारो चौकटींपैकी (फ्रेम्सपैकी) स्थिर हवेच्या क्षणी टिपलेल्या तेवढ्याच निवडून ‘ऑटोस्टॅकर्ट’ ही संगणक-प्रणाली त्या एकमेकींवर रचते. ९०० चौकटी रचल्या की रवा साधारण ३० पटींनी घटतो आणि मगच ‘रजिस्टॅक्स’ या दुसऱ्या प्रणालीतली वेव्हलेटची, म्हणजे धार वाढवणारी सरकपट्टी ओढण्यात अर्थ उरतो, तीही जरा जास्त ओढली गेली, तर बिंबाच्या कडेला खोटी किनार उमटते. माझीच पहिली चार-पाच चित्रे त्या मोहाने बिघडली. गुरू सुमारे ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरत असल्याने व्हिडिओ फार लांबवताही येत नाही.

माझा कौल व्हिडिओलाच. फक्त दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडत असतो, तेव्हा दुर्बीण गच्चीवर निवत ठेवून सराफ्यातल्या खाऊगल्लीत एक फेरी मारून यावे.