दिवा चार्जिंगचा, पैसे बॅटरीचे

डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र लागलं की बॅटरी गेली असंच बहुतेकांना वाटतं, आणि काही दुकानदारांचा धंदा त्याच समजुतीवर चालतो. खरं तर किल्ली फिरवली की हा दिवा लागायलाच हवा आणि इंजिन सुरू होताच विझायला हवा. इंजिन चालू असताना लागला, तर बॅटरी चार्ज होत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला फिरवणारा पट्टा सैल असेल, डायनामोतले कार्बन झिजले असतील, नाहीतर टर्मिनल ढिलं असेल.

आईला घेऊन बेळगावहून निपाणीला निघालो होतो. काकतीच्या पुढे दिवा लागला, म्हणून हायवेलगतच्या एका दुकानात गाडी घातली. माणूस बोलायला भारी गोड. “बघा की अण्णा, सेल मेलाय. तवंदी घाटात बंद पडली तर काकूंना घेऊन कुठं थांबणार?” एक वायर दोन्ही टर्मिनलांना टेकवून त्यानं ठिणगी काढून दाखवली, बारीक पडली म्हणजे बॅटरी खलास! ही काही तपासणी नव्हे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं ठिणगी पाडणं म्हणजे आगीशी खेळ. मीटर लावा म्हटलं, तर मीटर दुरुस्तीला दिलेला.

5,200 रुपये घेतले, जुनी बॅटरी ठेवून घेतली आणि बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान हातात दिलं.

दिवा विझला खरा, पण हत्तरगी ओलांडून एसी लावला आणि पुन्हा लागला. संकेश्वरच्या मिस्त्रीनं आधी मीटरच काढला. इंजिन चालू असताना 12.1 व्होल्ट, असायला हवेत साधारण 13.8 ते 14.4. मग अंगठ्यानं पट्टा दाबला. भसकन आत गेला, आतली बाजू घासून काचेसारखी चकचकीत झालेली. नवा पट्टा बसवल्यावर आकडा 14.2 वर आला.

“ही बॅटरी नवी कोण म्हणालं तुम्हाला?” असं विचारत त्यानं नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसऱ्याच कंपनीचं स्टिकर! शिशाच्या खुंटांवर जुन्या क्लॅम्पचे ओरखडे होते, वरून कानस मारलेली, आणि तारखेचा शिक्का खरवडलेला. माझी धडधाकट बॅटरी ठेवून घेऊन कुणाची तरी मोडीतली चार्ज करून माझ्या गळ्यात मारली होती.

परतताना जाब विचारला, तर “आमच्याच दुकानातली कशावरून?” ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण वहीच्या पानावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. असल्या कागदावर भांडायचं कसं?

बॅटरी घ्यायचीच झाली तर वॉरंटी कार्डावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी ताडून बघा आणि जुनीची किंमत बिलात वजा करून घ्या. शिशाला भाव असतो, फुकट सोडू नका. त्याआधी रात्रभर उभ्या गाडीवर मीटर लावून बघा. 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12 च्या खाली असेल तर उतरलेली. उतरली म्हणजे मेली असं नव्हे. चार्ज करून लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासणी, करायला सांगा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर आधी निगेटिव्ह सोडवा, खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं ब्रशनं घासा, कोरडं करा आणि लावताना निगेटिव्ह शेवटी लावा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात ही बुरशी फार लवकर धरते.