संस्थेचा ग्रुप कुठे काढायचा: व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम की यूट्यूब?

शेती-पाण्यावर काम करणाऱ्या छोट्या संस्थेचं असेल तर आधी एक ठरवा, तुम्हाला लोकांना शिकवायचंय की लोकांकडून माहिती घ्यायचीय, कारण ही दोन्ही कामं एकाच ॲपवर धड होत नाहीत.

शिकवायला यूट्यूबच. पानी फाउंडेशनचं बघा ना, 2016 ला वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या 3 तालुक्यांत वॉटर कप (गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा) सुरू झाला, त्यांनी पाणलोटाचं तंत्र मराठी व्हिडिओतून गावोगाव पोचवलं. व्हिडिओ वर्षानुवर्षं राहतो, सर्च केला की सापडतो. पण शेतकऱ्याचं उत्तर कमेंटमधून मिळेल ही आशा सोडा.

माहिती घ्यायला व्हॉट्सॲप. सगळ्यांकडे आहे, टाइप नाही आलं तर माणूस व्हॉइस नोट टाकतो, आणि खरी माहिती तिथेच असते, म्हणजे कुठल्या विहिरीला किती पाणी, कुठली अळी कधी दिसली वगैरे. ग्रुपमध्ये 1024 जण मावतात. त्रास एवढाच की दोन दिवसांत सगळं गुड मॉर्निंगखाली गाडलं जातं, म्हणून रोज कुणीतरी बसून त्यातलं कामाचं एक्सेल शीटमध्ये उतरवायलाच लागतं, तो माणूस नसेल तर ग्रुप काढूच नका! आणि बायकांचे नंबर सगळ्यांना दिसतात, बऱ्याच जणी त्यामुळेच गप्प बसतात. व्हॉट्सॲप चॅनलवर नंबर लपतात खरे (भारतात सप्टेंबर 2023 पासून आहे) पण तिथे लोकांना इमोजी देता येतो, पोलला मत देता येतं, ग्रुपसारखं आपसात बोलता येत नाही.

फेसबुक ग्रुपला जुनी पोस्ट शोधता येते, जॉइन होताना प्रश्न विचारता येतात, नाव न दाखवता पोस्टही करता येते. पण आपली पोस्ट कोणाला दिसणार हे फेसबुक ठरवतं.

टेलिग्राम कागदावर सगळ्यात भारी, 2 लाख मेंबर, नवीन माणसाला जुनं सगळं वाचता येईल असं सेटिंग. पण गावात ते असतं एमपीएससीच्या पोरांकडे, त्यांच्या वडिलांकडे नाही. स्वयंसेवकांपुरतं वापरा.

मी असतो तर यूट्यूब अधिक तालुकावार छोटे व्हॉट्सॲप ग्रुप. आणि हो, चर-बंधाऱ्याचे फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो पाठवला की त्यातलं लोकेशन उडतं.