गुडघ्याची झीज मोजताना: प्रश्नावली की स्टॉपवॉच?

नागपुरात दोन खोल्यांचा फिजिओथेरपी दवाखाना सुरू करत असाल, तर गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णाची हालचाल कशाने मोजायची हे पहिल्याच दिवशी ठरवा. मध्येच पद्धत बदलली की जुने आकडे तुलनेला निकामी होतात.

रुग्णाने उत्तरं द्यायच्या प्रश्नावलींत खरी निवड वोमॅक (WOMAC) आणि कूस (KOOS) या दोघींतली. वोमॅकमध्ये २४ प्रश्न, त्यातले १७ हालचालीचे. वापरायला परवाना लागतो. कूस मोफत आहे, ४२ प्रश्नांचं आहे आणि त्यातला रोजच्या हालचालींचा भाग म्हणजे वोमॅकचेच ते १७ प्रश्न. फसगत होते ती दिशेत. वोमॅकचा आकडा वाढला की त्रास वाढला, कूसमध्ये मात्र १०० म्हणजे काहीच त्रास नाही. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. १७ उत्तरांची बेरीज ३४ आली तर वोमॅक ६८ पैकी ३४, कूस ५०. पुढच्या वेळी बेरीज १७ वर आली तर वोमॅक १७, कूस ७५. फाईलमध्ये नुसता आकडा लिहिला आणि प्रश्नावलीचं नाव राहिलं, तर सुधारलेला रुग्ण बिघडलेला दिसतो.

आमचं मत कूसच्या बाजूने, आणि फुकट आहे एवढ्यासाठीच नाही. त्या १७ प्रश्नांत बाथटब आहे, पायमोजे आहेत. उकिडवं बसणं नाही. ते आणि गुडघे टेकणं कूसच्या खेळाच्या भागात सापडतं. साठीतल्या बाईंना खेळाचं काय विचारायचं म्हणून हा भाग अनेक जण गाळतात. गाळू नका: देशी संडास वापरणाऱ्या माणसाचा मुख्य प्रश्न तिथेच आहे. मांडी घालून बसण्याबद्दल मात्र दोन्हींत काही नाही. पंगतीत किंवा पूजेला किती मिनिटं बसता येतं, हे वेगळ्या ओळीत लिहा. कूसच्या गुणांत मिसळू नका.

आता स्टॉपवॉच. ओआर्सी (OARSI) या सांध्यांच्या झिजेवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये पाच चाचण्या सुचवल्या, त्यातल्या तीन मूळ: ३० सेकंदांच्या उठबशा, ४० मीटर भरभर चालणं आणि जिना.

लहान दवाखान्यात उठबशांना तोड नाही. बिनहाताची, सुमारे ४३ सेंमी उंच, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर आडवे. पूर्ण उभं राहून पुन्हा बसलं की एक. हाताचा आधार घेतला तर गुण शून्य. आधाराने किती झाल्या ते शेजारी लिहायचं. प्लास्टिकची खुर्ची नको, तिची बैठक वजनाने दबते आणि उंची बदलते. एखाद्या उठबशीचा फरक मोजणीच्या चुकीतही मावतो, तेवढ्यावर रुग्णाला सुधारणा सांगू नका.

चालण्याच्या चाचणीत १० मीटरची रेघ चार वेळा पार करायची. वळण्याचा वेळ धरायचा नाही, म्हणून वळायला दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर मोकळे हवेत. म्हणजे १४ मीटरचा व्हरांडा. ३२ सेकंद लागले तर वेग सेकंदाला १.२५ मीटर. जिन्याची चाचणी गुडघ्याचा कस पाहते, पण प्रत्येक जिना वेगळा. पायऱ्यांची संख्या आणि उंची नोंदवा, कठडा धरला का तेही, आणि दुसऱ्या जिन्यावरचा आकडा शेजारी मांडू नका. उरलेल्या दोनपैकी उठून ३ मीटर चालून परत बसण्याची चाचणी थकलेल्या, तोल जाणाऱ्या रुग्णासाठी ठीक. सौम्य झिजेत तिच्यात फरक दिसत नाही. सहा मिनिटांच्या चालीला ३० मीटरचा व्हरांडा लागतो, शिवाय तिथे दम गुडघ्याच्या आधी संपू शकतो.

मग एकच घेतलं तर? सांधेबदलानंतर महिनाभराने पाहा. दुखणं कमी झाल्यामुळे रुग्ण प्रश्नावलीत सुधारणा लिहितो, त्याच वेळी मांडीचे स्नायू कमजोर असल्याने चालणं आणि जिना आधीपेक्षा मंदावलेला असतो. नुसती प्रश्नावली असेल तर व्यायाम लवकर थांबवला जातो. नुसतं स्टॉपवॉच असेल तर रुग्णाला मिळालेला आराम कागदावर येतच नाही.

म्हणून जागा कमी असेल तर कूस आणि उठबशा. व्हरांडा असेल तर त्यात ४० मीटरची भर. प्रश्नावली आधी भरून घ्या, चाचणीने गुडघा ठणकल्यावर उत्तरं बदलतात. दरवेळी तीच चप्पल, तीच काठी, दुखण्याच्या गोळीला तेवढाच वेळ झालेला. आणि व्हरांडा उघडा असेल तर मे महिन्यात चालण्याची चाचणी सकाळी सातच्या आत उरका. ४५ अंशांतला आकडा जानेवारीतल्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.