एक कॅसेट, ८५० रुपये आणि छोटा गंधर्वांचा वन्समोअर

काम : जुन्या ऑडिओ कॅसेटचं डिजिटल रूपांतर. कॅसेट : एक, नव्वद मिनिटांची. वेळ : बारा दिवस सांगितले, लागले एकवीस. पैसे : कॅसेटचे ३५०, 'सूर लावून देण्याचे' ५००. हा सुराचा प्रकार काय ते पुढे येतंच.

दुकानाचं नाव लिहीत नाही. चालवणाऱ्या मुलानंच हात जोडलेत, 'काका, दिवाळीपर्यंत जुनीच कामं पडलीयत.' पेठेतल्या एका वाड्याचा दुसरा मजला, जिना अंधारा, गुडघेदुखीवाल्यांनी कुणाला तरी पाठवावं. आत टेबलावर दोन जपानी कॅसेट डेक, एक उघडं पडलेलं स्पूल मशीन आणि सोल्डरिंगचा वास.

आधी कॅसेटबद्दल. वरच्या चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात एवढंच : 'सौभद्र – छो. गं.' तारीख नाही, गाव नाही. बाबा एसटीत हिशेबनीस, पण मंडळींत ओळख ऑर्गनवाले म्हणून. सांगलीकडच्या गावांत जत्रेला संगीत नाटक लागलं आणि कंपनीचा ऑर्गनवाला आला नाही की बाबांना निरोप यायचा. त्या रात्री मी बरोबर होतो, तिसरीत असेन. पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या जागेत, बाबांच्या पायाशी पोत्यावर बसवलं, मांडीवर शेजाऱ्यांकडून मागून आणलेला टेपरेकॉर्डर दिला आणि सांगितलं, चाक थांबलं की कॅसेट उलटायची. एवढंच काम.

छोटा गंधर्व म्हणजे गायकनट सौदागर नागनाथ गोरे. जन्म १९१८, सातारा जिल्ह्यातला. दहा वर्षांचे असताना बालमोहन नाटक मंडळीत गेले आणि पुढचं आयुष्य रंगभूमीवर काढलं. १९९७च्या ३१ डिसेंबरला गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, मिळतातही. पण तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. एवढ्यात हा माणूस मावत नाही. तिथं पद ऐकू येतं, गाणारा पुरता सापडत नाही. त्यांची गंमत लोक समोर असताना सुरू व्हायची, आणि ती माझ्या कॅसेटवर आहे, म्हणून ही सगळी यातायात.

पहिली यातायात वाया गेली होती. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी हीच कॅसेट दिली होती. त्यांनी 'स्वच्छ करून' दिली. खरखर गेली, हे खरं. तिच्याबरोबर तबल्याच्या चाटीवरचं, म्हणजे कडेवरच्या ठोक्याचं, टोक गेलं, ऑर्गनची धार गेली, आणि टाळ्या पाण्यात बुडबुडे यावेत तशा यायला लागल्या. छोटा गंधर्व जणू रांजणात बसून गात होते. मी पैसे दिले आणि गप्प घरी आलो.

या मुलानं पहिल्या दिवशी काहीच वाजवलं नाही. कॅसेट उजेडासमोर धरली आणि म्हणाला, 'पॅड गेलंय.' टेपला मागून, ती वाचणाऱ्या हेडवर दाबून धरणारा नमद्याचा एवढासा तुकडा असतो, पितळी पट्टीवर चिकटवलेला. तो गळून आतच फिरत होता. मुलानं खोकं उघडलं, टेप काढून नव्या खोक्यात बसवली. हे काम माझ्यासमोर केलं आणि त्या वेळात माझा जीव वरखाली झाला, कारण दोन बोटांत धरलेली ती तपकिरी पट्टी म्हणजे अख्खं नाटक होतं. मग डेकवर लावली आणि बारीक स्क्रूड्रायव्हरनं हेडचा कोन फिरवायला लागला. पाव फेरा इकडे, केसभर तिकडे. एका जागी एकदम पडदा सरकल्यासारखं झालं. तबल्याची किनार आली, बायकांच्या बाजूला रडणारं एक पोर ऐकू आलं, ऑर्गनचा भाता चालवायच्या पायपट्टीची कुईकुई आली. ती कुईकुई आमच्या घरची आहे, अजून येते.

आता सुराचं. त्यानं संगणकावर आलेख काढून दाखवला. लाउडस्पीकरच्या यंत्रणेतून विजेची जी गुणगुण येते ती आपल्याकडे ५० हर्ट्झला असायला हवी. टेपवर ती ५३ला होती. म्हणजे टेपरेकॉर्डर त्या रात्री हळू चालला होता, बहुतेक सेल उतरले असणार, आणि म्हणून आता नीट वेगानं लावल्यावर सगळं अर्धा सूर चढून वाजत होतं. मग त्यानं विचारलेला प्रश्न मला फार आवडला : 'काका, त्या रात्री जनरेटर होता का? जनरेटर असेल तर हा हिशेब धरता येणार नाही.' नव्हता. रस्त्यावरच्या खांबावरून आकडा टाकून वीज घेतलेली मला चक्क आठवत होती, कारण आकडा टाकणाऱ्याला सगळा गाव खाली उभं राहून सल्ले देत होता.

तरी त्याचं समाधान झालं नाही. तेव्हा वीजसुद्धा नेमकी ५०वर नसायची, म्हणाला. मग मी घरी जाऊन बाबांच्या ऑर्गनचा षड्ज, म्हणजे सा, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. ऑर्गनमधल्या सूर देणाऱ्या पितळी पत्त्या इतक्या वर्षांत फारशा हलत नाहीत. जुळवून पाहिलं तर विजेच्या हिशेबापेक्षाही अंमळ खाली यायला हवं होतं. तिथं त्यानं सूर लावला.

पाचशे रुपये याचे. कुणाला जास्त वाटतील. मला विचाराल तर इतकी वर्षं मी अर्ध्या सुरानं वरचे आणि घाईतले छोटा गंधर्व ऐकत होतो, आणि 'काय गोड गळा, पण जरा पातळच' असं चारचौघांत सांगतही होतो. पातळ कुठला! सूर खाली आल्याबरोबर आवाजाला घेर आला. गोडवा तसाच, पण आता त्याला तळ होता. अकरा मिनिटांचं पद पावणेबारा मिनिटांचं झालं आणि तानांना श्वास घ्यायला जागा मिळाली. पूर्वी जी तान घसरत आल्यासारखी वाटायची ती आता पायऱ्या मोजत उतरते, आणि शेवटच्या दोन पायऱ्या मुद्दाम गाळून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते.

पद कुठलं ते जाणकारांनी ओळखलं असेल. श्रीकृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचं सांगतो ते, 'प्रिये पहा'. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत नाटक 'सौभद्र' १८८२ सालचं. त्यात कृष्णाच्या वाट्याला आलेलं हे पद देसकारात गातात. देसकार आणि भूप यांचे सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूप गंधारावर (ग) विसावतो आणि संध्याकाळचा होतो, देसकार धैवताला (ध) धरून राहतो आणि सकाळचा होतो. गंधारावर थोडं जास्त रेंगाळलं की द्वारकेत पहाटेऐवजी तिन्हीसांजा झाल्याच म्हणून समजा. छोटा गंधर्व टेपवर तीनदा त्या गंधाराच्या अगदी उंबऱ्यापर्यंत जातात. तिसऱ्या वेळी इतके थांबतात की बाबांचा ऑर्गन बंद पडतो. चुकला नाही, बाबांनी हात उचलला असणार. मग वरून धैवत येतो, लाडात येऊन, जणू 'घाबरलात ना?' विचारत, आणि मंडपातून एक भला मोठा 'अहाहा' उठतो. धैवतावरही बाबा साथीत बोट ठेवत नाहीत, नुसता षड्ज देऊन गप्प राहतात. घरी शिकवताना म्हणायचे, 'पट्टीचा धैवत वेगळा, गळ्यातला वेगळा. दोघांना एका खोलीत कोंडू नये.' हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. ऐकू मात्र आता आलं.

आणि मग वन्समोअर. नाटकवाल्या विद्वानांना वन्समोअरची चीड असते, कथानक थांबतं म्हणून. बरोबर आहे त्यांचं. रुक्मिणीचं काम करणाऱ्या बाई बिचाऱ्या एवढा वेळ उषःकालाकडे बघत उभ्या आहेत. आमच्या टेपवर पहाट इतकी लांबते की तोवर द्वारकेत भांडी घासून झाली असती. पण मंडपात त्या क्षणी कुणालाही सुभद्रेच्या लग्नाची काळजी नव्हती. लग्न होणारच आहे, शंभर वर्षं होतंय.

दुसऱ्यांदा गाताना पहिल्या वेळची एकही जागा ते परत घेत नाहीत. पहिल्यांदा तानांना टाळ्या पडल्या होत्या, लोकांना त्याच ताना हव्या होत्या, आणि हा माणूस तानेकडे बघतच नाही. 'पहा' हा एक शब्द घेऊन बसतात. दोन अक्षरं. एकदा बोट दाखवल्यासारखा 'पहा', एकदा कानात सांगितल्यासारखा, एकदा नुसता 'हा' उरतो आणि तो उजेडासारखा पसरत जातो. तबलजी दोनदा तिहाईची, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर यायची, तयारी करतो आणि दोनदा त्याला माघार घ्यावी लागते, हे स्पष्ट ऐकू येतं, हसू येतं. मागे कुणी तरी 'गप बसा रे' म्हणून दुसऱ्याला दटावतं. खोकलासुद्धा थांबलेला आहे.

इथं मुलानं एक शहाणपण केलं, तेही नोंदवतो. जुन्या टेपरेकॉर्डरना आवाज आपोआप कमीजास्त करायची खोड होती. टाळ्यांचा कडकडाट आला की यंत्र आवाज दाबतं आणि मग हळूहळू सोडतं. त्यामुळे टाळ्यांनंतर छोटा गंधर्व दूर शिवारातून चालत आल्यासारखे येतात. त्यानं विचारलं, 'हे सरळ करू?' मी म्हटलं, कर. केलं. दोन्ही ऐकवलं. सरळ केलेलं बरोबर होतं, पण एका ठिकाणी मला ते दुरून येणंच हवंसं वाटलं. वन्समोअरच्या सुरुवातीचं ते. तेवढं तसंच ठेवलं, बाकीचं सरळ. यावर त्यानं वाद घातला नाही, पण तोंड वाकडं केलं.

वन्समोअर किती मिनिटांचा ते सांगता येणार नाही. साडेनऊ मिनिटांनंतर खट्. ए बाजू संपली. आणि चाक थांबलेलं मला दिसलंच नाही, कारण मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. बी बाजू सुरू होते तेव्हा टाळ्या सरत आलेल्या आहेत. मधलं काय झालं, तान घेतली की नाही, तबलजीला शेवटी तिहाई मिळाली की नाही, कोण जाणे. बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. दर वेळी कॅसेट लावून 'खट्' आला की माझ्याकडे फक्त बघायचे.

मुलानं सुचवलं की बाजारात याच पदाची दुसरी ध्वनिमुद्रिका आहे, सूर जुळवून तो तुकडा मध्ये बसवता येईल, कळणारही नाही. चांगल्या मनानंच म्हणाला. मी नको म्हटलं. तिथं गाणारे तेच असतील, पण तो मंडप नाही, तो ऑर्गनही नाही.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाही, हे एक. नऊ दिवस उशीर झाला आणि आपणहून कळवलं नाही. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून दिला. फायलींना 'ट्रॅक एक', 'ट्रॅक दोन' अशी नावं. एवढी मेहनत करणाऱ्याला पदाचं नाव टाकायला काय झालं होतं? मूळ वेव्ह फाइल दीड जीबीची आहे, ती पेनड्राइव्हवर मिळते, पेनड्राइव्ह आपला न्यायचा. मोबाइलसाठी छोटी एमपीथ्री वेगळी देतो. स्टिरिओ करून मागू नका; टेप एकाच माइकवर भरलेली, तो नाही म्हणतो आणि त्याचं बरोबर आहे.

शेवटची भानगड घरी आल्यावर कळली. बी बाजूच्या सुरुवातीला बटण दाबल्याचा आवाज आणि त्यामागून एका पोराचं घाबरं 'बाबा, उलटली' असं आहे. एमपीथ्रीत ते नव्हतं. परत जिना चढलो. 'काका, तो नको असलेला आवाज म्हणून कापला,' म्हणाला. कुणाचा आवाज ते सांगितलं. दोन मिनिटांत जोडून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.