१९ फुटांच्या पाइपात ८४ फूट स्प्रिंग

गेल्या श्रावणात आमच्या धुळ्याच्या घरी, देवपुरात, वरच्या मजल्यावरच्या संडासचा पाइप तुंबला. तोही कानबाईच्या आदल्या दिवशी. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते. त्याआधी घराला रंग होतो, नैवेद्याच्या रोटांचे गहू दळले जातात आणि भाऊबंद असतील तिथून घरी येतात. आमचे निम्मे चुलतभाऊ सुरतला. शनिवारी सकाळी अकरा पाहुणे घरात उतरले होते आणि संडासच्या भांड्यात पाणी काठाला येऊन थांबलं होतं.

माय ओट्यावर बसून एकच धोशा लावत होती, "देवीना घरमा असा वास! लोक काय म्हनतीन?"

गळती मात्र महिनाभर जुनी. बाहेरच्या भिंतीवरून उतरणाऱ्या चार इंची पाइपच्या एका जोडावर काळपट ओघळ दिसत होता, स्वयंपाकघरात आतून रंगाचे पोपडे सुटत होते. मी दिवाळीला बघू म्हणत टाळत होतो. तेवढी चूक माझीच. नेहमीचे मिस्तरी कानबाईसाठी साक्रीकडे, आपल्या गावी गेलेले. मग विजेच्या खांबावरचं स्टिकर आठवलं: ड्रेनेज चोकअप, २४ तास, गॅरंटी.

फोनवर आवाज गोड होता. "फुटाला दीडशे रुपये दादा, जेवढं काम तेवढेच पैसे." मी मनात हिशेब केला, वीस फूट, तीन हजार. सणाच्या दिवशी चालतंय. अर्ध्या तासात मालवाहू रिक्षा दारात. चाळिशीचा एक माणूस, सतरा-अठराचा पोरगा, स्प्रिंगचं मशीन आणि एक निळी बादली.

मशीनची स्प्रिंग तुकड्यांची असते. सात फुटांचा एक तुकडा आत गेला की मागे दुसरा जोडायचा. पोरगा मोठ्याने मोजत होता, "सात… चौदा… एकवीस…" मी खाली-वर करत होतो. कुणाला बस स्टँडवरून आणायचं, कुणाला शेजारच्यांच्या संडासात पाठवायचं. दहा मिनिटांत पाणी गडगड करून उतरलं, तेही मी ऐकलं. तिथे काम संपलं होतं. पण मशीन चालूच राहिलं. पोरगा "शहात्तर नाही, सत्त्याहत्तर… चौऱ्याऐंशी" म्हणाला तेव्हा मी दारात पोचलो.

८४ फुटांचे १२,६०० रुपये.

भांड्यापासून अंगणातल्या चेंबरपर्यंतचा पाइप मी नंतर टेपने मोजला. १९ फूट भरला. चेंबर ते सेप्टिक टाकी आणखी ११. म्हणजे ८४ फूट स्प्रिंग खरंच आत गेली असती, तर तिचं टोक रस्ता ओलांडून समोरच्यांच्या तुळशीपाशी निघालं असतं. मुलाने गंमत म्हणून मशीनचे फोटो काढले होते, त्यात तुकडे दिसतात चार. चार सत्ते अठ्ठावीस. तेच तुकडे बाहेर ओढून तीनदा आत घातले आणि आकडा मात्र पुढे पुढे नेला. चेंबरचं झाकण उघडं असतं, तर पहिल्याच फेरीत स्प्रिंगचं तोंड तिथे दिसलं असतं. मी उघडायला निघालो तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या दादा, पाहुणे आहेत, वास सुटेल." किती काळजी माझ्या पाहुण्यांची!

हे आधी माहीत असतं तर फोनच केला नसता: संडास तुंबला की पहिल्यांदा घराजवळच्या चेंबरचं झाकण उचलून बघायचं. चेंबर कोरडं असेल, तर अडथळा भांडं आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल, तर अडथळा पुढे, टाकीच्या बाजूला. आमचं कोरडंच असणार. म्हणजे चेंबरच्या पुढे एक फूटही स्प्रिंग घालायचं कारण नव्हतं.

खरी फसवणूक त्यानंतरची. त्याने मोबाइलवर "तुमच्याच पाइपातला" व्हिडिओ दाखवला. आत कॅमेरा सोडला होता म्हणे. तपकिरी पाइप, मोठी चीर, चिरेतून आत घुसलेली मुळं. शिवाय निळ्या बादलीतून पाइपचे दोन तुटके तुकडे काढून फरशीवर ठेवले. "काळी माती आहे ना दादा, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पाइप हलवते. आज नाही बदलला, तर रात्री भिंतीतून सगळं स्वयंपाकघरात येईल." काळ्या मातीचं तो बोलला ते खरं आहे, इथे जमिनीतले जोड त्यामुळेच निखळतात. खऱ्यात खोटं कालवलं की ते सहज गळ्याखाली उतरतं. आमचा गळका पाइप जमिनीत नाहीच, तो भिंतीवर आहे, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. घरात कानबाई बसायची होती आणि तो "रात्री" म्हणाला होता.

भिंतीवरचा सगळा पाइप बदलायचे १६,००० ठरले. मध्येच त्याने टाकीचं झाकण सरकवलं आणि पोराला आत उतरून तोंडाशी बघ म्हणाला. तेवढं मात्र मी होऊ दिलं नाही. टाकीत साचलेल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, आणि असं माणसाला आत उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पोरगा माझ्याकडे बघून हळूच मागे सरकला. त्या दिवशी शहाणपणाचं मी एवढंच केलं.

संध्याकाळी एकूण २८,६०० झाले. वरचे सहाशे त्याने "देवीच्या नावाने" सोडले. पैसे मोबाइलवरून गेले ते कुणा तिसऱ्याच बाईच्या खात्यावर. पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर फक्त आकडा.

कानबाई छान झाली. सोमवारी पांझरेवर विसर्जन करून आलो. मंगळवारी सुनेने तो व्हिडिओ पुन्हा लावला, त्याने मला हौसेने पाठवला होता. कोपऱ्यात तारीख होती, फेब्रुवारीची. आणि आमचा पाइप करड्या पीव्हीसीचा, २०११ साली बसवलेला. तपकिरी पाइप आमच्या घरात कधी नव्हताच. मी फोन लावला, बंद. नवव्या दिवशी खालच्या वळणापाशी नवा पाइप आधीपेक्षा जास्त गळायला लागला.

साक्रीहून मिस्तरी परतले. सत्तरीला टेकलेले, बोलणं सगळं अहिराणीत. त्यांनी पाइप नखाने दाबला, भिंतीच्या बाजूला हात घालून एक क्लॅम्प सैल केला आणि पाइप फिरवला. त्यावरची छापील ओळ भिंतीकडे तोंड करून बसवलेली होती. ती वाचून ते म्हणाले, "भाऊ, हाऊ पाइप पाऊसना पानीना शे, संडासना नही."

या पाइपांचे दोन प्रकार असतात, ए आणि बी. आयएस १३५९२ या मानकात ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी, बी संडास-मोरीच्या पाण्यासाठी. ११० मिलिमीटरच्या पाइपची भिंत ए प्रकारात किमान २.२ मिलिमीटर, बी प्रकारात ३.२. रंग तोच, बाहेरून जाडी तीच. फरक कापलेल्या तोंडाकडे बघितल्यावर कळतो, नाहीतर त्या छापील ओळीवरून. ती ओळ कुणी भिंतीकडे फिरवत असेल, तर आधी ती वाचून घ्या. जोडांत रबरी रिंग घालायची असते, आमच्याकडे एकाही जोडात नव्हती, वरून पांढरी पुटी फासलेली. खालचा आडवा तुकडा तर लेव्हलनळी लावल्यावर भांड्याच्या बाजूला उतरता निघाला. चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट, म्हणजे दहा फुटांत तीन इंच उतार लागतो. आमचं पाणी चढावर चाललं होतं.

जुन्या पाइपचं मिस्तरींना आधीपासून माहीत होतं. एका जोडाची रिंग सरकली होती, तेवढीच गळती. तेवढा जोड कापून नवा बसवला असता तर हजारभरात भागलं असतं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही बोललो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे तिथेच कळलं. पण दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, समोरच्याचं नाव-पत्ता? माझ्याकडे होता बंद पडलेला नंबर आणि एका बाईचं नाव. रिक्षाचा नंबर मुलाच्या फोटोत अर्धाच आलाय. खांबावरचं स्टिकर फाडायला गेलो, तर त्याच्यावर तसंच नवं चिकटवलेलं, नंबर वेगळा.

मिस्तरींनी बी प्रकारचा पाइप रिंगांसह बसवला, आता ओल वाळत आली आहे. काढलेला पाइप फेकू दिला नाही. धुऊन, उन्हात आठवडाभर ठेवून मागच्या पत्र्याच्या शेडला लावला. पाऊस आला की त्यातून पाणी धो-धो पडतं. माय खाटेवरून बघते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "सोळा हजारनी पन्हाळ शे बरं का आमनी."